मोरचुदाचं पाणी

टेबलावरची निळ्या पाण्याची बाटली आबांनी उचलली, बॅटरीच्या उजेडात धरून हलवली आणि वास घ्यायला झाकण उघडू लागले. आमच्या तंत्रज्ञाचा जीव खाली-वर झाला.

"हे तर मोरचूद!" आबा म्हणाले. "मेंढरांची खुरं सडली की ह्येच्यात बुडवतो आमी. तुमी मानसांस्नी पाजताय काय?"

बाटलीत मोरचूदच होतं. कॉपर सल्फेट हे त्याचं नाव आम्ही कागदावर लिहितो, एवढाच फरक. ठरावीक घनतेच्या या द्रावणात बोटाच्या रक्ताचा थेंब सोडायचा. पंधरा सेकंदांच्या आत तो खाली बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे असं धरतात आणि माणूस रक्त द्यायला चालतो. तरंगत राहिला तर त्याला परत पाठवायचं. हे ऐकून आबा हसले. "उलटंच हाय की. बुडालं त्ये पास, तरंगलं त्ये नापास!" मग त्यांनीच सगळ्यात आधी बोट पुढं केलं. थेंब गोळीसारखा तळाला गेला आणि सगळा वाडा ओरडला.

वाडा म्हणजे दगडी बांधकाम नव्हे. धनगरांचा वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं आणि आठ-दहा चुली घेऊन एकत्र चालणारं बिऱ्हाड. आबा या वाड्याचे कारभारी. कुठल्या रानात तळ टाकायचा, कुणाच्या शेतात मेंढरं खताला बसवायची, शेतकऱ्याकडून पैसे घ्यायचे की धान्य, सगळं तेच ठरवतात. फलटण तालुक्यातली ही माणसं दिवाळी झाली की निघतात, लोणंद-शिरवळच्या बाजूनं नीरा ओलांडून भोरला जातात आणि वरंध घाटानं महाडच्या अंगाला कोकणात उतरतात. मिरगाच्या आत परत घरी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका रक्तपेढीत जनसंपर्काचं काम करतो. शिबिरं ठरवणं, माणसं गोळा करणं, पत्रं पोचवणं आणि लोकांचं ऐकून घेणं, हे माझं काम. मी डॉक्टर नाही. वाड्यावर मला सगळे 'डाक्टर' म्हणतात. मी नाही, हे सांगायचं मी तिसऱ्या वर्षी सोडून दिलं.

मोरचुदाची ती संध्याकाळ म्हणजे आमचा दुसरा प्रयत्न. पहिल्याची आठवण मी सहसा काढत नाही, पण इथं काढायला हवी.

एका मोठ्या यात्रेत आम्ही मंडप टाकला होता. धनगर समाज लाखानं जमतो, तिथं शंभर पिशव्या सहज मिळतील, हा माझा हिशोब. फलक, ध्वनिक्षेपक, फळांचा रस, सगळं होतं. दिवसभरात तेवीस नावं लागली आणि पिशव्या भरल्या चार. कुणाचा देवाचा उपास होता, आणि उपाशीपोटी आम्ही रक्त घेत नाही. कुणी रात्रभर गजी नाचून, झोप न घेता आला होता. जे टेबलापर्यंत पोचले त्यांच्या दंडा-कोपरावर भंडारा माखलेला. स्पिरिटचा बोळा फिरवावा तर तो पिवळा होऊन यायचा. चार-चार बोळे झाले तरी कोपराच्या वळीत हळद उरायचीच. संध्याकाळी आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या लोकांना रक्तदानाची भीती आहे." मीही मान डोलावली. अहवालातही तसंच लिहिलं: प्रबोधनाची गरज. हा शब्द आमच्या खात्यात फार कामाला येतो. आपली चूक झाली की समोरच्याला प्रबोधनाची गरज असते.

भीती होती, पण ती सुईची नव्हती, हे मला पुढं वर्षभर वाड्यांच्या मागं फिरल्यावर कळलं. ज्या माणसाच्या हातून वर्षाकाठी शंभरेक कोकरं जन्माला येतात, जो अडलेली मेंढी कोपरापर्यंत हात घालून सोडवतो, ज्याच्या घरी बकरं कापलं की रक्ती शिजते, तो रक्त बघून कशाला घाबरेल? त्याला भीती होती नापास होण्याची. यात्रेत ज्यांना परत पाठवलं त्यांतल्या एकानं मला महिन्यानंतर बाजारात गाठून विचारलं होतं, "सगळ्यांम्होरं मला उठीवलंत. माजं रगत नासकं हाय का?" त्याचं वजन त्रेचाळीस किलो भरलं होतं. पंचेचाळीसच्या खाली आम्ही घेत नाही. रक्त उत्तम होतं, अंगात थोडं कमी होतं इतकंच. हे त्याला तिथल्या तिथं, बाजूला घेऊन सांगायला कुणालाच फुरसत झाली नव्हती.

दुसऱ्या वेळेला म्हणून मी आधी आबांकडे गेलो. फ्लिपचार्ट नेला होता. हृदयाचं चित्र, लाल-निळ्या नळ्या, नव्वद दिवसांचं चक्र. आबांनी पानं उलटून पाहिली आणि बाजूला ठेवली. रात्री जेवणं झाल्यावर वाड्यातल्या गड्यांना त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं:

"कातरनीवानी हाय ह्ये. लोकर काढली म्हनून मेंढरू मरतंय का? वर्सातनं दोनदा काढतो, परत येती. पर आजारी मेंढराची काढत न्हाय, गाभनीची काढत न्हाय, लहान कोकराची काढत न्हाय. ह्ये बी तसंच बगत्यात. ज्याचं काढलं न्हाय त्यानं तोंड पाडायचं कारन न्हाय."

सतरा वर्षांत मी रक्तदानावर शेकड्यानं भाषणं केली असतील. एवढ्या नेमक्या चार वाक्यांत मला कधी जमलं नाही. पुढं मी ही कातरणी महाविद्यालयांतून बिनदिक्कत वापरली. आबांना तसं सांगून टाकलं आहे.

वेळ बसवणं मात्र अवघड गेलं. सकाळी भाकरी खाऊन गडी मेंढरांमागं निघतो तो दिवस मावळेपर्यंत रानात. रक्त दिल्यावर दिवसभर जड काम करू नका, उन्हात फिरू नका, असं आमच्या छापील सूचनांमध्ये आहे. बारा-पंधरा किलोमीटर चालणाऱ्याला ती सूचना वाचून दाखवणं म्हणजे थट्टाच. म्हणून शिबिर संध्याकाळी ठेवायचं ठरलं, मेंढरं वाघरीत कोंडून, सगळ्यांचं खाणं झाल्यावर. तरी रात्रीची राखण असतेच. लांडगा सूचना वाचून येत नाही. मग आबांनी वारं लावलं: दोन भावांतला एक या खेपेला देणार, दुसरा रात्र जागणार आणि उद्या मेंढरं वळणार, परतीच्या वाटेवर उलट. त्यामुळं एका वाड्यावर आठ-नऊच्या वर पिशव्या कधी झाल्या नाहीत.

आठ-नऊ पिशव्यांसाठी गाडी, डॉक्टर, दोन तंत्रज्ञ, बर्फाची पेटी. आमच्या वरिष्ठांना हे परवडत नव्हतं आणि त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. शिवाय रक्तातून प्लेटलेट वेगळ्या करायच्या तर घेतल्यापासून सहा तासांच्या आत पिशवी यंत्रात फिरली पाहिजे. सात वाजता सुरू केलं तर साडेनऊला आवरायचं, दोन तासांची वाट, म्हणजे प्रयोगशाळेतला माणूस मध्यरात्रीपर्यंत जागा हवा. तो जागायचा आणि मला शिव्या द्यायचा. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, लाल पेशी महिनाभराच्या थोड्या वर, त्यामुळं रक्ताचं काम भाजीच्या धंद्यासारखं आहे. नको त्या दिवशी ढीग, हव्या त्या दिवशी टोपलं रिकामं. एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एका दिवसात पाचशे पिशव्या येतात, सोबत हेल्मेट नाहीतर भिंतीवरचं घड्याळ. त्यातल्या कितीकांची मुदत फ्रिजमध्ये संपते, हे पुढाऱ्याला कुणी सांगत नाही. आणि मे महिन्यात, महाविद्यालयं बंद, चाकरमानी गावाला, उन्हाचा कहर, तेव्हा थॅलेसेमियाच्या पोराचा बाप फ्रिजसमोर उभा असतो.

वाडा कोकणातून परत येतो तो नेमका मे महिन्याच्या अखेरीला. ही गोष्ट मला दोन वर्षं उशिरा सुचली. दिवाळीनंतर जाताना एकदा आणि मिरगाआधी येताना एकदा; मधे सहा महिने जातात आणि नियम पुरुषांना तीन महिन्यांचा आहे. या माणसांच्या वाटचालीतच रक्तदानाचं वेळापत्रक बसलेलं होतं. १४ जूनचा जागतिक रक्तदाता दिन आणि १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय दिन यांभोवती आमची वर्षाची आखणी फिरते. त्यांच्याकडे मृग आणि दिवाळी. मी वरिष्ठांना पटवलं ते या मुद्द्यावर: मेमधल्या नऊ पिशव्या जानेवारीतल्या नव्वदांच्या तोलाच्या आहेत. थोडी अतिशयोक्ती होती. चालून गेली.

भेटवस्तूचा प्रश्न वाड्यावर आपोआप सुटला. पहिल्या वर्षी कुणीतरी प्रायोजक गाठून आम्ही डबे नेले होते. एका म्हाताऱ्यानं डबा हातात फिरवून परत दिला. "ह्यो बी घोड्यावरच लादायचा की. घोडं काय म्हनंल?" तेव्हापासून चहा, बिस्किटं आणि कार्ड.

कागदपत्रांची एक गंमत सांगतो. अर्जावर जन्मतारीख लिहायची असते. आधार कार्ड बघावं तर अर्ध्या वाड्याचा जन्म १ जूनला. शाळेत कधीकाळी मास्तरांनी टाकलेली ती तारीख. खरं वय काढायचं तर विचारायचं, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता? "सुकडी खायला जायचो, आईच्या कडंवर." झालं, बसलं हिशोबात. वजनकाट्याचंही तसंच. नांगरलेल्या रानात काटा सपाट बसत नाही, एकाच माणसाचं वजन तीन ठिकाणी तीन भरतं. शेवटी गाडीची मागची फळी काढून तिच्याखाली दगड लावायला लागलो.

बायकांबद्दल मात्र गंमतीनं लिहिता येत नाही. पहिल्या वर्षी सहा जणी पुढं आल्या. सहाही जणींचे थेंब तरंगले. एकीचा तर बराच वेळ वरच फिरत राहिला, आम्ही सगळे बघत होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं, ते आकडे मला पाठ होते. पण आकडा असा बाटलीत तरंगताना पाहिला नव्हता. वाडा हलवायचा तो याच बायका हलवतात. पहाटे भांडीकुंडी, कोकरं, वाघरी घोड्यावर लादून पुढं जायचं, नवा तळ साफ करायचा, पाणी शोधायचं, चूल मांडायची. गडी मेंढरं घेऊन मागून येतो. आबांची बायको, सगळ्यांची आक्का, तिनं त्या पोरीला जवळ ओढलं आणि खालची पापणी अंगठ्यानं पालथी केली. "पांढरी फट्ट," ती म्हणाली. "मेंढीची आसती तर मी कवाच औशीद पाजलं आसतं."

मेंढरांच्या पोटात जंत झाले, कोकणातल्या ओल्या चाऱ्यातून यकृतात पानासारखे किडे गेले, की धनगर पापणी उलटून बघतो. लाल असेल तर ठीक, गुलाबीफिकी असेल तर लक्ष ठेवायचं, पांढरी झाली की औषध. आमच्या डॉक्टरीणबाई रक्तदात्याची पापणी खाली ओढून बघतात ते याच कारणासाठी. आक्कांना हे वीस मेंढरांमागं एकदा करायची सवय होती; सुनांचं कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी करायला सुरुवात केली. लोहाच्या गोळ्या आणि जंताचं औषध आम्ही जवळच्या आरोग्य केंद्रातून मिळवून दिलं, पण गोळ्या खाल्ल्या गेल्या त्या आक्कांच्या धाकानं. तीन वर्षांनी वाड्यातली पहिली बाई रक्त देऊ शकली. चाळिशीच्या पुढची, हातभर गोंदण. अर्जातला प्रश्न मी वाचला: गेल्या वर्षभरात अंगावर गोंदवून घेतलंय का? तिनं दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाली, "लगीन व्हायच्या आदीचं हाय, चालंल?" चालत होतं. शीर नेमकी हिरव्या तुळशीवृंदावनाखाली होती. तंत्रज्ञाला ती दिसेना, बोटानं चाचपून सापडली.

"ह्ये कुनाच्या अंगात जातंय?" हा प्रश्न प्रत्येक वाड्यावर कुणीतरी विचारतंच. मी सांगायचो, नाव सांगता येत नाही, नियम आहे. एका पिशवीतून लाल पेशी एकाला, प्लाझ्मा दुसऱ्याला, प्लेटलेट तिसऱ्याला जातात. अपघातातला माणूस, बाळंतीण, दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त चढवावं लागणारं पोर. ज्या गावात यांची मेंढरं पिकात शिरली म्हणून दगड मारले, त्याही गावातल्या कुणाला जाऊ शकतं. हे मी एकदा बोलून गेलो. वाटलं, आता कुणी उठून जाईल. आबा म्हणाले, "जाऊ दे. खत बी त्येंच्याच रानात पडतंय."

त्या आबांची मान मी एकदा खाली घातली. मी म्हणजे आम्ही सगळ्यांनीच.

मार्च महिना होता. वाडा घाटाखाली कोकणात. धाकटी सून बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. चाळीसेक किलोमीटरवरच्या एका रुग्णालयात नेली. रात्री साडेअकराला मला फोन आला. दोन पिशव्या लागणार होत्या आणि तिथं सांगितलं होतं, बदल्यात दोन रक्तदाते आणा. गडी सगळे तळावर, मेंढरांपाशी. सोबत आलेला एकटा नवरा, तोही लोहाच्या गोळ्यांवर ठेवलेला. त्यानं वाड्यातली जमतील तेवढी कार्डं रुमालात बांधून आणली होती. सात कार्डं. ती खिडकीवर मांडली, तर उत्तर आलं, ही दुसऱ्या जिल्ह्याची, इथं चालत नाहीत. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात हे बदली रक्तदाते हळूहळू बंद करायचे ठरलं आहे. मला ते कलमासकट माहीत होतं आणि त्या खिडकीमागच्या माणसालाही असणार. शिव्या मी त्याला दिल्या नाहीत, कारण टंचाईच्या दिवसांत आमच्या काउंटरवरूनही हेच वाक्य किती वेळा गेलंय ते मी ऐकलेलं आहे. फोनवर फोन केले. शेवटी तिथले दोन रिक्षावाले, माझ्या एका जुन्या विद्यार्थी स्वयंसेवकाच्या ओळखीचे, रात्री दीड वाजता गेले. सून वाचली.

मेच्या अखेरीला वाडा परत आला तेव्हा मी भीतभीतच गेलो. आबांनी चहा दिला, मेंढरांची विचारपूस झाली, पाऊस कधी येईल ते झालं. मग म्हणाले, "डाक्टर, आमी दिलं तवा कुनाचं नाव इचारलं न्हवतं. तुमीच म्हनला, इचारायचं न्हाय. आमास्नी मातूर दोन मानसं मागितली."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी धोरणाचं सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. त्या संध्याकाळी शिबिर होणार नाही असं धरून मी गाडीवाल्याला खूण केली. पण आबांनी वारं आधीच लावलेलं होतं. सात पिशव्या झाल्या. ती रुमालातली कार्डं मात्र त्यांनी मला परत केली. आता आम्ही कार्ड देतो, तेव्हा त्यावर माझा फोन नंबर हातानं लिहितो. कार्डाचा उपयोग तेवढाच आहे, असं मला प्रामाणिकपणे सांगावं लागतं.

एक गोष्ट अजून सांगायची आहे. ती सांगावी की नाही याचा बराच विचार केला. ओळख पटेल असं काही लिहिणार नाही.

घेतलेली प्रत्येक पिशवी पाच आजारांसाठी तपासली जाते: एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी, गुप्तरोग आणि हिवताप. एका वर्षी, एका वाड्यावरच्या एका जवान गड्याची पिशवी हिपॅटायटीस बी ला लागली. अशा माणसाला बोलावून, एकट्याला बसवून सांगायचं, पुन्हा तपासणी करायची, पुढचे उपचार दाखवायचे, अशी पद्धत आहे. पत्त्याच्या रकान्यात गाव होतं, पण गावातल्या घराला कुलूप होतं. फोन लागत नव्हता. तो एका पोराकडे असतो आणि कुठल्या तरी दुकानात चार्जिंगला. मी मोटारसायकल काढली. घाट उतरून गावागावात विचारत गेलो, मेंढरं कुठं बसलीत? लोक हातानं दिशा दाखवायचे आणि वर ऐकवायचे, आमचा वाल खाल्ला त्यांनी, सांगा त्यांना. दुसऱ्या दिवशी दुपारी वाडा दिसला.

वाड्यावर एकांत नसतो. झोपायला आडोसा नाही, तिथं गुपितं कुठून असणार? मी आलो म्हणताच सगळे गोळा झाले. मी म्हणालो, कार्डात नाव चुकलंय, दुरुस्त करायला आलोय. एवढ्यासाठी घाट उतरून? हा प्रश्न आक्कांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसला. त्यांनी तो विचारला नाही. तेवढ्यात मेंढरं पाण्यावर न्यायची वेळ झाली आणि मी त्या गड्यासोबत निघालो.

ओढ्यापर्यंत सांगून झालं. तो मेंढरांकडे बघत ऐकत होता. पहिलं विचारलं, "लेकरांस्नी लागंल का?" मी सांगितलं, एका ताटात जेवल्यानं, कडेवर घेतल्यानं नाही लागत. दाढीचं पातं मात्र कुणाला देऊ नको. बायकोची आणि पोरांची तपासणी करू, लस आहे. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "माजी पिशवी?"

"नष्ट केली. तसा नियम आहे."

"वाया गेली म्हना."

बायकोची आणि पोरांची तपासणी चांगली निघाली. पोरांना लहानपणीच्या लसी मिळालेल्या होत्या. बायकोच्या लसीचे डोस तीन: पहिला, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्याला तिसरा. दोन कोकणात झाले, तिसरा घरी आल्यावर. तो स्वतः दर सहा महिन्यांनी तपासणीला जातो आणि ठणठणीत आहे. पण त्याला आता कधीच रक्त देता येणार नाही. आणि वाड्यावर, जिथं कोण किती भाकरी खातो तेही सगळ्यांना माहीत, तिथं तो दर खेपेला का देत नाही, याचं कारण लागणार होतं.

तो दर खेपेला रांगेत उभा राहतो. फळीवरच्या काट्यावर चढतो, बोट पुढं करतो. त्याचा थेंब निळ्या पाण्यात सरळ तळाला जातो आणि पोरं ओरडतात. मग तो डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीसमोर बसतो. त्या पट्टा बांधतात, दाब बघतात, हलक्या आवाजात त्याची आणि पोरांची चौकशी करतात. तोही मेंढरांचं काहीबाही बोलतो. दोन मिनिटं झाली की त्या मान हलवून, वाघरीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "आज प्रेशर वाढलंय हो तुमचं. पुढच्या वेळी बघू."

"बरं," तो म्हणतो. उठतो, माझ्या हातातली बॅटरी घेतो आणि पिशवी भरत असलेल्या आपल्या भावाच्या उशाशी जाऊन, शिरेवर उजेड पडेल अशी धरून उभा राहतो.